जंगलाबाहेरचा रस्ता

दादाचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. माहेरची शेती तोच बघतो. फोनवर तो फार बोलत नाही. पाऊस, संत्री, वहिनीचे गुडघे एवढं सांगून झालं की ‘ठेवू का मंग’ म्हणतो. त्या दिवशी मात्र मी ‘हॅलो’ म्हणायच्या आधीच त्यानं सुरुवात केली.

“बाई, रस्ता मंजूर झाला आपला. चार पदरी. जंगलातून सरळ. आता तू सकाळी निघाली त जेवाले इथं, अन् चहाले वापस आपल्या घरी.”

मला आनंद झाला. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं बऱ्याच लोकांनी धरून चालायचं ठरवलं की मला गावाचं आणि रस्त्याचं काही पडलेलंच नव्हतं. माझं माहेर नागपूरपासून फार लांब नाही, पण मधे जंगल आहे. राखीव जंगल, म्हणजे सरकारी, म्हणजे खरं तर कुणा एकाचं नाही. त्यातला डांबरी रस्ता एका गाडीपुरता. समोरून ट्रक आला की एकानं खाली उतरायचं, आणि खाली म्हणजे खड्डाच. दादाच्या सुनेचे दिवस भरले तेव्हा तिला जीपमध्ये घालून नागपूरला आणत होते. जंगलाच्या मधोमध, भर दुपारी, वहिनीला स्वतःच्या हातांनी तिचं बाळंतपण करावं लागलं. दोघी सुखरूप राहिल्या. नात आता शाळेत जाते आणि गावात सगळे तिला ‘जंगलातली पोरगी’ म्हणून चिडवतात. वहिनी ती गोष्ट सांगते तेव्हा बाकीचे हसतात, ती हसत नाही.

मी खाली येऊन नवऱ्याला बातमी सांगितली. तो पेपर वाचत होता.

“जंगलातून सरळ म्हणजे?” त्यानं विचारलं. “मग जंगल कुठून जाणार?”

मी आत गेले. चहा ठेवला आणि गॅसजवळ उभी असूनही तो उतू गेला.

मी ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. दर हिवाळ्यात अकरावीच्या मुलांना मी त्याच जंगलात घेऊन जाते. एसटीच्या रस्त्यावर एक नाला लागतो, तिथं बस थांबवायची आणि पायी आत शिरायचं. आधी सागाचं रान, मग ऐन, धावडा, तेंदू, आणि खडकाळ चढावर भुत्याची झाडं. पांढऱ्या गुळगुळीत खोडांची ती झाडं बघितली की शहरातली मुलं आपोआप हळू बोलायला लागतात. मी त्यांना वह्या काढू देत नाही. नुसतं बसवते. थोड्या वेळानं एखादी मुलगी विचारते, “मॅडम, हे कोणी लावलं?” दरवर्षी कोणीतरी हे विचारतंच. कोणीच नाही लावलं, असं मी सांगते, आणि ते त्यांना पटायला वेळ लागतो. नागपूरच्या कडेला नव्यानं वाढलेल्या आमच्या बेसासारख्या वस्तीत राहणाऱ्या मुलांना तर फारच. इथं रोपटंसुद्धा बिल्डरनं ओळीत लावलेलं असतं.

दादाच्या फोननंतरच्या रविवारी मी एकटीच एसटीनं निघाले आणि नाल्यापाशी उतरले. कंडक्टरनं दोनदा विचारलं, “मॅडम, इथंच?” मी हो म्हटलं.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या झाडांवर लाल रंगानं आकडे टाकलेले होते. साल तासून पांढरा चौकोन केलेला, त्यात घणाचा शिक्का आणि खाली आकडा. पहिले काही मी वाचले, मग वाचायचं सोडून दिलं. रस्त्यापासून आत चालत गेले तरी आकडे संपत नव्हते. मला वाटलं होतं कडेकडेची झाडं जातील. आकडे तर थेट भुत्याच्या चढापर्यंत गेले होते, आणि तिथं एका खोडाला साल तासायचीही गरज पडली नव्हती, ते आधीच पांढरं होतं.

तिथं एक वयस्क गृहस्थ भेटले. खाकी टोपी, हातात काठी, एकेका झाडापाशी थांबून वर बघत होते. आधी मला वाटलं ते रस्त्याच्या कामावरचेच असावेत. त्यांनाही माझ्याबद्दल तेच वाटलं असावं, कारण त्यांनी जरा तुसडेपणानंच विचारलं, “आपण कोण?”

मी सांगितलं. मग त्यांनी सांगितलं. ते वनखात्यातून रेंजर म्हणून निवृत्त झाले होते, नागपुरात सक्करदऱ्याला राहत होते आणि नोकरीतली पहिली काही वर्षं त्यांनी याच जंगलात काढली होती.

“रस्ता झाला की ह्या बाजूचा सांबर त्या बाजूला जाणार नाही,” ते म्हणाले. “वाघ जायला बघेल, तर गाडीखाली येईल. आणि लाकूड निघालं की त्याच्यामागं आणखी लाकूड निघतं. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. नोकरीत होतो तेव्हा बोलता आलं नाही. आता बोलायचं म्हणतो तर ऐकायला कोणी नाही.”

“मी ऐकते,” मी म्हटलं. खरं तर मला परत जायची बस पकडायची होती.

त्यांच्यामुळे मी प्रताप नगरातल्या वकीलबाईंकडे पोचले. माझ्याच वयाच्या, तुटक बोलणाऱ्या, घराच्या पुढच्या खोलीत ऑफिस थाटलेल्या. तिथं आम्ही सातआठ जण जमायचो. पक्षी बघणारे दोघं, एक सेवानिवृत्त बँकवाले, रेंजरसाहेब, मी. वकीलबाईंचा पहिलाच प्रश्न मला होता.

“तुमचं माहेर पलीकडे आहे म्हणता. गावाला रस्ता नको आहे का?”

“हवा आहे.”

“मग तुम्ही कोणाच्या बाजूनं?”

मी म्हटलं, दोन्ही. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “मग दुसरा रस्ता दाखवा. नुसतं ‘नको’ म्हणून कोणी ऐकत नाही.”

दुसरा रस्ता मला ठाऊक होता. मी लहान असताना बाबा बैलबंडी घेऊन तालुक्याला जायचे ते जंगलातून नाही, बाहेरून. आमच्या गावाजवळच्या नाल्याच्या कडेकडेनं, शेतांच्या धुऱ्यांवरून, म्हणजे बांधांवरून, एक गाडवाट होती. जंगलाला वळसा घालून ती पुढं मोठ्या सडकेला मिळायची. नाल्याच्या पलीकडच्या काठावर सरकारी पडीक जमीन होती, तिथं गावची गुरं चरायची. रस्ता तिथून नेला तर फेरा थोडा वाढेल, पण एकही सागाचं झाड पडणार नाही. रेंजरसाहेबांनी नकाशा पसरला. मी बोट फिरवलं. त्यांनी त्या बोटामागून पेन्सिल फिरवली.

त्या आठवड्यात मला वर्गात नीट शिकवता आलं नाही. फळ्यावर काहीतरी लिहायची आणि काय सांगत होते तेच विसरायची. घरी जेवायला बसलं की उठून खिडकीशी जावंसं वाटायचं. आमच्या मागच्या नव्या प्लॉटांच्या लेआउटमध्ये तेव्हा जेसीबी चालू होता. पूर्वी तिथं तुरीचं शेत होतं. आम्ही घर घेतलं तेव्हा आमच्याही जागेवर काहीतरी असणारच, ते मी कधी विचारलं नव्हतं. नवरा म्हणायचा, “बस जरा.” मी बसायची आणि पुन्हा उठायची.

फोनवर सांगायचं धाडस होईना, म्हणून मी गावी गेले. दादा ओसरीवर बसून फवारणीचा पंप दुरुस्त करत होता. वहिनीनं पाणी आणलं. मी पाणी पिऊन सरळ सांगून टाकलं.

“दादा, रस्ता व्हायलाच पाहिजे. पण जंगलातून नको.”

त्यानं पंप खाली ठेवला. “मंग कुठून? आभाळातून?”

“बाहेरून. जुनी गाडवाट होती न, बाबा बंडी न्यायचे ती. नाल्याच्या पलीकडून.”

“ते फेऱ्याचं आहे.”

“थोडासाच फेरा पडते.”

“तुले थोडासा वाटते. तुले महिन्यातून एकदा याचं असते. माह्या संत्र्याची गाडी रोज जाते सीजनमधी.” मग त्यानं पंप पुन्हा हातात घेतला. “काहून करून राहिली तू हे? कोणी शिकवलं तुले?”

“कोणी नाही शिकवलं. झाडं पाहून आली मी. भुत्याच्या चढापर्यंत नंबर टाकले आहेत.”

“झाडं त पुन्हा होतात.”

“ती नाही होत, दादा. आपल्या जन्मात नाही होत.”

तेव्हा वहिनी बोलली. ती दारात उभी होती, पदराला हात पुसत. “बाई, त्या दिवशी मी होती जीपीत. तुमी नव्हत्या. सुनबाई वरडत होती अन् डायवर गाडी थांबवून रस्त्याच्या कडेले तोंड फिरवून उभा होता. मले तवा झाडं दिसली नाई.”

मी जेवून निघाले. दादा मला बसपर्यंत सोडायला आला. बस आली तेव्हा त्यानं संत्र्याची एक थैली माझ्या हातात दिली.

रस्त्याची सरकारी जनसुनावणी गावच्या शाळेच्या पटांगणात झाली. मांडव, प्लास्टिकच्या खुर्च्या, पुढं टेबलावर साहेब लोक. आमचं सारं गाव आलं होतं. दादा दुसऱ्या ओळीत बसला होता, मागं वळून त्यानं मला पाहिलं आणि पुन्हा तोंड पुढं केलं. गावातली माणसं एकेक करून उठली आणि रस्ता का हवा ते सांगून गेली. सगळं खरं होतं. ज्या मास्तरांनी मला चौथीपर्यंत शिकवलं त्यांचा मुलगा उठला आणि म्हणाला, “नागपूरच्या लोकाईले जंगल पाहाले पाह्यजे. आमाले त्यातून जाले पाह्यजे.” टाळ्या पडल्या. दादानंही वाजवल्या.

माझी पाळी आली तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, “गावची लेक आहे अन् गावच्याच इरोधात बोलाले आली.” ते हळू बोललेलं होतं, पण मांडवात ऐकू गेलं. मी माइक धरला. लिहून आणलेलं मी काही वाचलं नाही. म्हटलं, मी रस्त्याच्या विरोधात नाही. माझ्या भावाची नात या रस्त्यावर जन्माला आली. रस्ता झालाच पाहिजे, आणि खड्डे आजच बुजवले पाहिजेत. पण रुंद रस्ता बाहेरून न्या. मग मी गाडवाट सांगितली. टेबलावरचे एक साहेब म्हणाले, “नकाशावर दाखवा.” मी पुढं गेले आणि दाखवलं. त्यांनी खाली वाकून पाहिलं आणि शेजारच्याला काहीतरी टिपून घ्यायला सांगितलं.

मांडवातून बाहेर पडताना रेंजरसाहेब म्हणाले, “ऐकलं त्यांनी.” मी दादाला शोधत होते. तो निघून गेला होता.

त्यानंतर खूप महिने नुसते वाट बघण्यात गेले. वकीलबाईंनी कोर्टात अर्ज टाकला. तारीख पडायची, पुढं जायची. एकदा कोणीतरी फोटो पाठवला, रस्त्याच्या तोंडाशी यंत्रं येऊन उभी आहेत म्हणून, आणि आम्ही सगळे दोन गाड्यांतून धावत गेलो, तर तिथं खरोखर यंत्रं होती, पण ती दुसऱ्याच कुठल्या पुलाच्या कामाची. आम्ही रस्त्याच्या कडेला उभं राहून चहा प्यायलो आणि परत आलो. झोपेतसुद्धा मला करवतीचा आवाज यायचा. जागी झाले की तो शेजारच्या लेआउटमधल्या टाइल कापण्याचा निघायचा.

दादाचा फोन येईनासा झाला. मी केला तर वहिनी उचलायची आणि ‘ते वावरात गेले’ म्हणायची. मला वाटलं, यंदा भाऊबीजेला तो येणार नाही. पण आला. खड्ड्याखड्ड्यांतून तोच रस्ता पार करून आला, पांढरा शर्ट, पँटवर धूळ. मी ओवाळलं. त्यानं ताटात ओवाळणी ठेवली, साडीची पिशवी दिली आणि जेवायला बसला. नवऱ्याशी कापसाच्या भावाबद्दल बोलला. जेवण झाल्यावर पान मागितलं. रस्त्याचा विषय त्यानं काढला नाही आणि मीही नाही. निघताना गेटपाशी चपला घालत म्हणाला, “वांग्याची भाजी तुह्या वहिनीसारखी झाली होती.” एवढंच. तो गेल्यावर मी कितीतरी वेळ गेट उघडं धरून उभी होते.

निकाल लागला तो उन्हाळ्याच्या तोंडावर. खरं तर निकाल असा लागलाच नाही. कोर्टानं काही ठरवायच्या आतच रस्ता बांधणाऱ्या खात्याच्या लोकांनी लिहून दिलं की जंगलातली आखणी सोडली आहे आणि रस्ता बाहेरून जाईल. वकीलबाईंनी तर्री पोहे मागवले. रेंजरसाहेब एरवी तिखट खात नाहीत, त्या दिवशी दोन प्लेटा खाल्ल्या आणि डोळे पुसत राहिले. तिखटानं की कशानं, ते कोणी विचारलं नाही. मी दादाला मेसेज पाठवला: रस्ता होणार, बाहेरून. त्यानं उत्तर दिलं नाही.

नंतर काही आठवड्यांनी वहिनीचा फोन आला. ती स्वतःहून मला फोन करत नाही.

“बाई, तुमाले मालूम आहे का काही? खालच्या वावरात दगड गाडून गेले.”

“कोण? कसले दगड?”

“रस्त्याचे. मोजणीवाले आले होते. नाल्याच्या आपल्या बाजूनं नेऊन राहिले म्हणते. संत्र्याच्या मधून.”

मी दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून गेले. खालचं वावर म्हणजे आमच्या शेतातलं सगळ्यांत चांगलं. नाल्याच्या काठाला, काळं, खोल मातीचं. बाबांनी तिथं विहीर खणली होती आणि दादानं संत्री लावली होती, ती झाडं आता ऐन भरात होती. ओळींच्या मधून पांढरे दगड तिरपे गेलेले दिसत होते. एक दगड विहिरीच्या अगदी काठाला.

दादा विहिरीवर बसला होता. मी जवळ जाऊन उभी राहिले.

“मी पलीकडून म्हटलं होतं, दादा. नाल्याच्या पलीकडून.”

“पलीकडे पानी साचते म्हणते. जमीन दबते. इंजिनेर पाहून गेला.” त्याच्या आवाजात राग नव्हता, राग असता तर मला बरं वाटलं असतं. “मालूम होतं मले. लहानपनी त्या बाजूले आपन म्हशी डुंबाले नेत होतो. तुले याद नाई राहिलं.”

मला आठवलं. खरंच, पलीकडे डबकी साचायची. पण गाडवाटेनं बंडी जायची ती उन्हाळ्यात, आणि मला उन्हाळाच आठवत होता.

“तू म्हणाली बाहेरून. बाहेरून होऊन राहिलं,” दादा म्हणाला. “मले रस्ता पाह्यजे होता, माह्या दारात आला. आता बोंबलाचं कोनापाशी?”

थोड्या वेळानं तो म्हणाला, “तुले लिहता येते न. मोठमोठ्या साहेबाईसमोर बोलता येते. मंग माह्या वावरासाठी लिह.”

मी हो म्हटलं. नागपूरला परतताना बसमध्ये माझ्या हातापायांना चैन नव्हती. बॅग मांडीवर घ्यायची, खाली ठेवायची, पुन्हा घ्यायची. आणि बस जात होती जंगलातूनच. झाडांवरचे लाल आकडे अजून पुसले नव्हते, पण झाडं उभी होती.

वकीलबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“हे करू नका,” त्या म्हणाल्या. “तुम्ही आता नाल्याकाठच्या आखणीवर हरकत घेतली, तर ते म्हणतील, चला, सगळंच पुन्हा तपासू. आणि पुन्हा तपासायला बसले की जंगलातली आखणी फायलीतून बाहेर निघायला वेळ लागत नाही. मग एवढं सगळं कशासाठी केलं?”

“माझ्या भावाची विहीर जाते.”

“कुणाची तरी जाणारच होती. तुम्ही बोट फिरवलं तेव्हा नाल्याच्या अलीकडे कुणाचंच शेत नव्हतं का?”

ते खरं होतं आणि म्हणूनच फार लागलं. रेंजरसाहेब कोपऱ्यात बसले होते. मी निघाले तेव्हा ते माझ्यासोबत फाटकापर्यंत आले आणि म्हणाले, “लिहायचं तर जपून लिहा. रस्ता हलवा म्हणू नका. थोडा सरकवा म्हणा.”

मी तसंच लिहिलं. दादाच्या नावानं, दादाच्या सहीनं. फक्त विहीर आणि तिच्या भोवतीची झाडं वाचतील एवढंच नाल्याकडे सरकवा, बाकी आखणीला आमची हरकत नाही, असं. एकेक शब्द लिहिताना वाटायचं की याच शब्दामुळे तिकडं साग पडेल. खोडायची, पुन्हा लिहायची. नवरा म्हणाला, “तू दोन्हीकडून वकील झाली आहेस.” मी त्याच्यावर चिडले. मग वाटलं, तो म्हणतो तेच तर झालं होतं.

अर्ज दिल्यावर वकीलबाईंचे फोन यायचे बंद झाले. बैठकीची वेळ मला कळवायचं कोणी ठरवून थांबवलं नसेल, पण कळेनाशी झाली. रोज पेपर उघडला की मी आधी आतलं जिल्ह्याचं पान बघायची, जंगलाचं नाव कुठं परत आलंय का. रोज ते नसायचं आणि रोज दुसऱ्या दिवसाची धास्ती वाटायची.

पावसाळा संपल्यावर एक तरुण इंजिनियर जागा बघायला आला. मी मुद्दाम गेले होते. मुलगा सभ्य होता. दादाच्या विहिरीचं पाणी प्यायला, नाल्याच्या काठावर उतरून पाय रोवून पाहिले, आणि म्हणाला, “काका, विहीर वाचवता येईल. झाडं नाही वाचणार. खालच्या ओळी जाणार.”

“किती?” दादानं विचारलं.

त्यानं हात फिरवून दाखवलं. दादानं त्या हाताकडे बघितलं आणि मान हलवली.

तेवढंच झालं. रस्ता थोडा सरकला, विहीर राहिली, खालच्या ओळी गेल्या. जंगलातली आखणी कोणी पुन्हा उघडली नाही. का उघडली नाही, ते मला आजही ठाऊक नाही. कदाचित कोणाच्या लक्षात आलं नसेल, कदाचित सगळ्यांनाच कंटाळा आला असेल. मी मात्र कितीतरी दिवस ती उघडण्याची वाट बघत होते, जशी एखाद्याच्या ओरडण्याची वाट बघावी.

मृगाच्या बहराची संत्री तोडणीला आली तेव्हा वहिनीनं मला तोड्याला बोलावलं. जाणाऱ्या ओळींमधला हा शेवटचा तोडा होता, मजूर लावायचे नाहीत, घरचेच करू, असं दादानं ठरवलं होतं. दादा, वहिनी, मुलगा, सून, नात आणि मी. कैचीनं देठ कापायचं, फळ क्रेटमध्ये हळू ठेवायचं. माझ्या हातांना सवय राहिलेली नव्हती, काट्यांनी मनगटं ओरबाडली गेली. दुपारी झाडाखाली भाकरी खायला बसलो तेव्हा मी दादाला विचारलं, “झाडं तूच तोडणार का मशीन यायच्या आधी?”

“मी काहून तोडू?” तो म्हणाला. “ज्याले रस्ता पाह्यजे त्यानं तोडावं.”

वहिनीनं भाकरीचा तुकडा मोडता मोडता त्याच्याकडे पाहिलं. “मंग तुमीच तोडा. तुमालेच पाह्यजे होता.”

दादा हसला. मग सगळेच हसलो. इतक्या महिन्यांत आम्ही एकत्र हसलो ते तेव्हाच. वहिनीही हसली, आणि नंतर पदर डोळ्यांना लावून उठून क्रेट भरायला लागली.

झाडं शेवटी यंत्रानंच उपटली. मी तेव्हा तिथं नव्हते. दादानं फोनवर सांगितलं आणि त्याच श्वासात पावसाचं बोलायला लागला. रेंजरसाहेबांना मी हे सांगायला गेले तर ते म्हणाले, चला, एकदा भुत्याच्या चढावर जाऊन येऊ. आम्ही गेलो. आकडे फिके झाले होते. एका सागावर तासलेल्या चौकोनाच्या कडांनी साल परत आत येऊ लागली होती. ते काठी टेकून कितीतरी वेळ बघत राहिले. मी बघत होते, पण माझं अर्धं लक्ष पलीकडं होतं, जिथून नव्या रस्त्याच्या रोलरचा आवाज येत होता. जंगलाच्या आतपर्यंत तो येतो हे मला त्या दिवशीच कळलं.

नवा रस्ता अजून पुरा झालेला नाही. पुलाचं काम अडलं आहे. त्यामुळे एसटी अजून जंगलातूनच जाते. मागच्या महिन्यात गावाहून येताना बस चढावर बंद पडली. ड्रायव्हर बॉनेट उघडून आत डोकावत होता आणि सगळे प्रवासी खाली उतरून सावलीला उभे होते. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बाईच्या कडेवर तापलेलं लेकरू होतं. तिला नागपूरला दवाखान्यात जायचं होतं.

“मोठा रस्ता होऊन राहिला होता इथून,” ती मला म्हणाली. “नागपूरच्या लोकाईनं बंद पाडला म्हणे. पाहाले पाह्यजे एकदा, कोन आहेत ते.”

मी गप्प राहू शकले असते. बाकीचे सगळे आपापल्या फोनमध्ये होते.

“त्यात मी होते,” मी म्हटलं.

तिनं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. लेकरू रडायला लागलं, तसं तिनं ते माझ्या हातात दिलं आणि पिशवीतून पाण्याची बाटली काढू लागली. लेकराचं अंग चांगलंच गरम होतं. मी माझ्या ओढणीचं टोक ओलं करून त्याच्या कपाळावर ठेवलं आणि त्याला घेऊन रस्त्यावर येरझाऱ्या घालत राहिले, ड्रायव्हरकडे आणि परत. ती पाठीमागून म्हणाली, “तुमीच विचारा न त्याले, गाडी कवा निघन म्हना. तुमचं ऐकतीन.”

मी विचारायला गेले.